तीन वर्षांचे कागद

रांजणगावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला गिताबाई रोज सहाशे चपात्या पुरवायची. पहाटे चारला परातीवर बसायची, हाताखाली तीन बायका. साडेदहाला टेम्पो गेला की भिंतीला पाठ टेकायची, ती दुपारपर्यंत उठायला नको वाटायचं. नवरा हनुमंत मेंढरं विकून वॉचमन झालेला. तो ड्यूटीवरून यायचा तेव्हा ती पिठात, ती मोकळी व्हायची तेव्हा तो झोपेत.

कंपनी बिलातून टॅक्स कापायची. रिटर्न भरलं की तो परत मिळतो, हे तिला माहेरच्या सोपानरावांनी सांगितलं. सोपानराव कासुर्डीचे, कचेरीतून रिटायर झालेले कारकून. निम्म्या गावाचे अर्ज त्यांच्या हातचे. तीन वर्षं तिनं कंपनीचे कागद त्यांच्याकडं नेऊन दिले. भरलंय, येतील पैसे, असं ते दर खेपेला सांगायचे.

दोन हजार सहाच्या जानेवारीत कंपनीत नवा साहेब आला. कंत्राट चालू ठेवायचं तर रिटर्नच्या पावत्या आणा, नसतील तर सीएचा शिक्का असलेला कागद आणा, म्हणाला. गिताबाई एसटीनं चौफुला गाठून कासुर्डीला गेली. सोपानराव ओट्यावर बसले होते. पावत्यांचं नाव काढताच त्यांनी मान खाली घातली. शेवटी त्यांची बायको नकुशी आतून एक पिशवी घेऊन आली. तिन्ही वर्षांचे कागद, सुतळी बांधलेले, जसेच्या तसे.

"मला त्यातलं कळत न्हवतं, गिता," सोपानराव म्हणाले. "तू विश्वासानं आलीस. न्हाई म्हणवंना."

भांडायला निघालेली गिताबाई चहा पिऊन उठली. भांडायलाही अंगात जोर लागतो.

मग सीए शोधणं सुरू झालं. शिरूरच्या बाजारात 'टॅक्स सल्लागार' अशी पाटी होती. तिथला माणूस भला, पण सीए नव्हता, त्याचा शिक्का कंपनीला चालणार नव्हता. कुणी दौंडचं नाव सांगितलं. त्यापायी एक दिवस चपात्या बायकांवर टाकून ती दौंडला गेली. स्टेशनजवळच्या ऑफिसात दोन तास बसल्यावर साहेबांनी निरोप पाठवला, मार्चची गडबड आहे, एप्रिलनंतर या. परतीच्या एसटीत जागा नव्हती. शिरूरपर्यंत ती उभीच आली.

शेवटी बँकेतल्या कारकुनानं प्राचीचा पत्ता दिला. मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या. प्राची शिरूरचीच, एसटीतल्या मेकॅनिकची मुलगी, दोन वर्षांपूर्वी सीए झालेली. तिनं पिशवीतला प्रत्येक कागद उलटून पाहिला. मग पेन खाली ठेवलं.

"मावशी, पहिल्या वर्षाची मुदत संपली. ते पैसे आता मिळायचे नाहीत. दुसऱ्याची ह्या मार्चला संपते. एप्रिलनंतर आला असता तर तेही गेलं असतं."

पहिलं वर्ष म्हणजे चपात्या चालू केल्या ते. तेव्हा हाताखाली कुणी नव्हतं, सहाशेच्या सहाशे तिनं एकटीनं लाटल्या होत्या.

सोपानरावांची हकिगत ऐकून, त्या माणसाविरुद्ध तक्रार करायची का, प्राचीनं विचारलं.

"नगं. म्हातारं माणूस हाय. माझ्याकडनं त्यानं रुपया घेतला न्हाई." मग ती म्हणाली, "पण ताई, तुमाला एखादी गोष्ट आली न्हाई, तर मला तसं सांगा. मी दुसरीकडं जाईन. माझा राग न्हाई."

"सांगेन," प्राची म्हणाली.

उरलेल्या दोन्ही वर्षांची रिटर्नं मार्चच्या आत भरली गेली. सीएच्या शिक्क्याचा कागद कंपनीतल्या साहेबानं ठेवून घेतला आणि कंत्राट टिकलं. टॅक्सचे चेक यायला मात्र पुढची दिवाळी उजाडली. सोपानरावांकडं गिताबाईनं पुन्हा कधी हा विषय काढला नाही. त्यांनी मात्र लोकांचे अर्ज लिहिणं बंद केलं, असं भावाकडून कळलं, आणि ते ऐकून तिला बरं वाटलं नाही.

आता दर जुलैला ती टेम्पो गेल्यावर शिरूर गाठते. त्या दिवसांत प्राचीकडं गर्दी असते, माणसं जिन्यापर्यंत बसलेली. नंबर येईपर्यंत भिंतीला डोकं टेकून गिताबाई झोपून जाते. जवळची माणसं हलक्या आवाजात बोलतात. तिचा नंबर आला तरी प्राची तिच्या मागच्या दोघांची कामं आधी उरकून घेते, आणि मग स्वतः बाहेर येऊन तिच्या खांद्याला हात लावते.