फरशी आणि पत्रा

दुष्काळात आमचा सहकारी कारखाना बंद पडला आणि त्याच आवारात जनावरांची छावणी उघडली. मी कारखान्यात फिटर; आता जनावरांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, वाटायचो. माय बैलजोडी घेऊन तिथंच ताडपत्रीखाली राहायला आली होती. धाकटा भाऊ फौजेतून सुट्टीवर आला तो थेट छावणीत. नोकरीची मुदत वाढवून घ्यावी का, हे त्याला मायलाच विचारायचं होतं. माय एकच विचारायची, गोळी लागली तर?

तो म्हणाला, आमच्या चिलखती गाडीला दोन थर असतात. वर चिनीमातीच्या जातीच्या कडक लाद्या, मागं धातू. लादीवर गोळीचं टोक फुटतं. लादीही फुटते, पण मार पसरून देते. मग मागचा धातू वाकतो आणि उरलेलं झेलतो.

मायच्या ध्यानात येईना. मग मी, घरातला शास्त्रज्ञ, पुढं सरसावलो. तेलाच्या डब्याचा पत्रा टायरवर ठेवून पहार मारली, आरपार. दुसऱ्या पत्र्यावर ऑफिसच्या मोरीची उरलेली फरशी ठेवून मारली. फरशीचा भुगा झाला, पत्र्याला नुसता पोचा. माणसं जमलीच होती. छावणीत चघळायला जनावरांनाच पुरत नव्हतं, माणसांना कुठलं असणार? एकजण म्हणाला, "फिटरसायेब, कारखाना असाच हाणून बंद पाडला का बे?" मीही हसलो.

माय हसली नाही. "आता दुसरी तिथंच मार."

मला थांबता आलं असतं. पण इतक्या माणसांत पहार खाली ठेवायची लाज वाटली. मारली. पोचा होता तिथूनच पहार टायरात रुतली.

भाऊ म्हणाला, "माय, सहसा दुसरी तिथंच लागत न्हाई."

तिनं फरशीचे तुकडे वेचायला घेतले, बैलाच्या खुरात जातील म्हणून. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. वेचता वेचता ती म्हणाली, "इथं राहून तरी काय करशील? वाढव मुदत." मग वर न बघता विचारलं, "तू गाडीच्या आतच असतूस ना?"

"आतच असतो."

ती तुकडे टाकायला कुंपणाकडं गेली. मी त्याला हळूच विचारलं, "खरंच आत?"

"दादा, वरची बंदूक माझ्याकडं हाय," तो म्हणाला आणि छातीच्या खाली हात लावून दाखवला. तिथून वर सगळा तो बाहेर असायचा.