नळ्यांची बाई

उन्हात तापलेल्या ठिबकच्या नळ्यांचा वास आला की मला लासुर्ण्याच्या शाळेच्या मैदानात उभी असलेली ती बाई आठवते. पुण्याहून आलेल्या एका शिल्पकार मुलीनं ती आमच्याच गावानं टाकून दिलेल्या वस्तूंतून घडवली होती. बांधावरच्या जुन्या नळ्या म्हणजे तिच्या शिरा, आणि पारदर्शक पोटात वेफर्सची पाकिटं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, मोबाईलची खोकी ठासून भरलेली. बायका त्या पोटात आपापल्या घरचा कचरा शोधत होत्या. माझे चुलते मात्र एक नळी बोटांनी चाचपत मानेपासून पावलापर्यंत आले आणि मुलीला म्हणाले, “ताई, हिला फिल्टर कुठं बसवलाय?” ती म्हणाली, “नाही बसवला, आबा.” “मंग ही चोक हुणार. निदान अंगठ्यापाशी बूच तरी ठेवा, उघडून लाईन धुवायला.” आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही, तिनं वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बाईच्या अंगठ्याला खरंच बूच होतं. परवा बारामतीत डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या हृदयाच्या शिरा दाखवल्या. ब्लॉक कुठं आहे ते डॉक्टर सांगत होते आणि मी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो.