न्हाणीघरातला नेचा

आतेफे गीलानच्या ओल्या जंगलाजवळची. लग्न होऊन वाळवंटातल्या यझ्दला येताना तिने माहेरून कुंडीत नेचा आणला. उन्हाळा संपेतो त्याची पानं करपली आणि नळाच्या खाऱ्या पाण्याने मातीवर पांढरा थर धरला.

"डाळिंब लाव की," सासूबाई तूबाखानम म्हणाल्या. "हे लाडावलेलं झाड इथे टिकायचं नाही."

"टिकवून दाखवते, आई."

तिने सगळी पानं बुडापासून कापली, माती बदलली आणि कुंडी घरातल्या एकमेव ओलसर जागी, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. नळाचं पाणी बंद करून ती प्यायचं गोडं पाणी घालू लागली.

नवरा, कमाल, कुरकुरायचा, "बोडक्या कुंडीसमोर अंघोळ करायची म्हणजे काय!"

"डोळे मिटून कर," ती म्हणायची.

हिवाळा सरत आला तरी कुंडीत नुसती मातीच. आतेफेचाही धीर सुटायला लागला होता, पण पाणी तिने चुकवलं नाही.

नवरोजच्या साफसफाईत न्हाणीघरातून सासूबाई ओरडल्या, "अगं, कुंडीत केसाळ अळी बसलीय! थांब, काढून टाकते."

आतेफे ओल्या हातांनीच धावली. "आई, हात लावू नका! पान आहे ते. अजून उलगडायचंय."

तूबाखानम वाकून त्या हिरव्या वेटोळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग कंबर सरळ करत म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? दार लाव आधी, सगळी ओल बाहेर चाललीय."