धाकट्याचा पहिला तास

आजही कुठं उकडलेल्या धानाचा वास आला की माझा धाकटा भाऊ नामदेव आठवतो. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मी धान उकडायच्या बॉयलरवर मिस्तरी होतो. माझी शाळा चौथीतच सुटली. नामदेव मात्र शिकून त्याच मिलमध्ये माझ्यावर इंजिनीअर झाला, याचा मला भारी तोरा होता.

एके दिवशी भर वाफेत माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, "दादा, मी मिल सोडून राहिलो. नव्या कॉलेजात शिकवाले चाललो."

"काऊन? मशिनी तुयं ऐकतेत, थे पोट्टे ऐकतीन का?"

तो हसला. "सोमवारी पहिला तास आहे, वाफेवरच. तू ये ना. मी पुस्तकातलं सांगीन, तू हातातलं सांग."

"मले टाइम नाही," मी म्हटलं.

सोमवारी मिल बंद असायची. तरी मी दिवसभर थंड बॉयलरचं पितळ घासत बसलो. कॉलेजातली पोरं मला हसतील याचं मला भेव वाटलं होतं. हे कबूल करायला मला म्हातारपण लागलं.

संध्याकाळी जेवताना नामदेव म्हणाला, "पोट्ट्यायनं इचारलं, मिस्तरी घडी न पाहता वाफ कवा बंद करते? मी म्हटलं, दादाले इचारून उद्या सांगतो."

धान चावून पाहायचा. मधली कच्ची कणी दाताला लागली नाही की वाफ बंद करायची. एवढंच तर सांगायचं होतं. नामदेव घास हातात धरून थांबला होता. मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. त्यानंतर त्यानं मला कधीच काही विचारलं नाही.