उजव्या चाकाचा ड्रम

आमच्या बपेऱ्यात गाडी अडली का लोक परसरामकाकाचं नाव घेते. सातवी शिकलेला माणूस. पंधरा वर्षं जवाहरनगरले फॅक्टरीच्या बसगाड्यायवर ठेकेदाराच्या हाताखाली राबला, मंग इथं स्टँडाजवळ टिनाचं शेड टाकून बसला. गिऱ्हाइकाले तोंडावर बोलणार. पण चाकाच्या ब्रेकच्या ड्रमवर कधी घन मारणार नाही. बारीक हातोडीनं टिचकी मारते, कान लावते, मंग पुन्हा मारते. लोक हसते. मीबी हसत होतो.

मी कैलाश. माझी व्हॅन जुनी, गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षीची. शाळेचे पोरं नेतो आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी अन शुक्रवारी, आईले डायलिसिसले भंडाऱ्याले नेतो. ही गोष्ट झाली त्या वर्षी दसरा मंगळवारी आला. शुक्रवारी आईले ताप होता म्हणून डायलिसिसची पाळी चुकली होती. सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला का सणामुळे मशीन उद्या एकच पाळी चालणार, अकराच्या आत आणा. आईचे पाय सुजून खांबावाणी झाले होते. रात्रभर ती बसूनच होती, आडवी झाली का दम लागत होता.

सकाळी सहा वाजता गाडी चालू केली, गिअर टाकला, तर गाडी जागची हलेना. इंजिन घुरघुरते आणि बंद पडते. खाली उतरून पाहिलं, मागचे दोन्ही चाकं जाम. अन मंग डोक्यात उजेड पडला. शनिवारी दसऱ्यासाठी म्हणून मी गाडी बावनथडीत नेली, अर्ध्या चाकाएवढ्या पाण्यात उभी करून घासून धुतली, घरी आणून झेंडूचा हार घातला आणि वर मोठ्या मायेनं हँडब्रेक कचकून ओढला. ओल्या ब्रेकवर तीन दिवस, सोमवारीबी शाळेले सुटी होती. आतमध्ये जंग धरून सगळं चिकटलं. परसरामकाका दर दसऱ्याले सांगत होता का बाबू, धुतल्यावर हँडब्रेक ओढू नको, चाकाले दगड लाव. पण आपण कोणाचं ऐकतो काय?

१०८ ले फोन लावला. तिकडचा म्हणते, जवळची गाडी पेशंट घेऊन नागपूरले गेली, दुसरी यायले चार घंटे लागतील. गावातल्या बाकी गाड्या देवदर्शनाले पहाटेच निघाल्या होत्या. मी पळत काकाच्या घरी गेलो.

काका ओसरीवर पांढरा शर्ट, पांढरा पायजमा घालून बसला होता. त्याच्या वस्तीतले लोक दीक्षाभूमीले निघत होते, जीप आठ वाजताची. काका बारा वर्षांचा असल्यापासून त्याचा तिथला एकही दसरा चुकला नव्हता. मी ब्रेकचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि औजाराची पेटी उचलली. आमच्या अंगणात येऊन गाडीकडं पाहिलं, पडवीत बसलेल्या आईकडं पाहिलं, आणि म्हणाला, "कैलाश, ड्रमचा भरोसा नसते. आमची जीप भंडाऱ्यावरूनच जाते. आईले तिच्यात टाकू. बाया धरून बसतील."

मी पटकन म्हणालो, "नाही काका. आईले नाही जमणार त्या गाडीत. तुम्ही ड्रम तेवढे काढून द्या."

काहून जमणार नाही हे मी सांगितलं नाही आणि त्यानंबी विचारलं नाही. तीस वर्षांपासून एका गावात राहतो, समजायचं ते समजते. "बरं," म्हणाला. शर्ट काढून निंबाच्या फांदीले टांगला, बनियनवर बसला आणि चाकं खोलायले लागला.

हँडब्रेकची तार ढिली केली. ड्रमच्या तोंडावर दोन आट्याचे भोकं असते, त्यात दोन बोल्ट पिळले, म्हणजे ड्रम हळूहळू बाहेर ढकलला जाते. एक पाव फेरा हा, एक पाव फेरा तो. रॉकेल सोडलं. मंग त्याची ती हातोडी, टक, टक, कान, टक. मले राहवेना. मी घन आणला. "काका, सरका बाजूले, एका ठोक्यात निघते."

"ठेव तो," तो वर न पाहता म्हणाला. "ड्रम फुटला तर आज दसऱ्याले दुसरा कोण देते तुले? तुझ्या रागानं जंग सुटत नाही."

सव्वाआठले डावा ड्रम निघाला. काकानं शूवरची, म्हणजे ड्रमले आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यायवरची, जंग ब्रशनं खरवडली, हवा फुंकली, परत बसवला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. काकाचा पोरगा अश्वजित जीपमधून उतरून आला, "बाबा, लोक थांबून राहिले." काकानं उजव्या चाकाकडं पाहिलं. "तुम्ही निघा. मी येत नाही." जीप गेली. मले मनातून बरंच वाटलं, खोटं कायले बोलू. आता हा माणूस कुठं जात नाही, एवढंच सुचलं.

उजवा ड्रम काही केल्या सुटेना. आतून अंजूनं, माझ्या बायकोनं, आवाज दिला, "आईचे ओठ निळे दिसून राहिले." काकानं बोल्टले आणखी पाव फेरा दिला, कडेनं टिचकी मारली, आणि ड्रम एकदम हातात आला. मी गाडीची चावी काढली. काका उठला नाही. त्यानं ड्रम उलटा केला. शूचं लायनर, घासणारा जाड थर, शूवरून उखडून ड्रमलेच चिकटून आलं होतं. खाली नुसतं लोखंड उरलं होतं.

"तसंच बसवा काका. बाकी तीन चाकाले ब्रेक आहे."

"पेडल दाबलं का आतला पिस्टन बाहेर येईल, तेल सांडेल, चारही चाकाचा ब्रेक जाईल. आईले घेऊन कुठं आदळशील?" पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. पावणेनऊ झाले होते. मी तिथंच मातीत बसलो. मले लाज वाटली आणि भीती त्याच्यापेक्षा जास्त वाटली. म्हणालो, "काका, जीप."

त्यानं लगेच अश्वजितले फोन लावला. जीप सिहोऱ्यात चहाले थांबली होती. पंधरा मिनिटांत परत आली. जागा करायले दोन म्हातारे आणि काकाची बायको तुळसाकाकू खाली उतरले. जीपमध्ये बसलेली रत्नमाला नावाची मास्तरीण माझ्याकडं पाहून म्हणाली, "मागच्या वर्षी दीक्षाभूमीले जायले आम्ही तुमची व्हॅन मागितली होती भाऊ, तवा तुम्ही म्हणाले होते का बिघडली आहे." मंग तिनंच हात देऊन आईले वर घेतलं, आपल्या खांद्यावर तिचं डोकं ठेवलं. तुमसर गेलं, रस्त्यात भाताच्या बोऱ्यायचा ट्रॅक्टर आडवा आला, आईची मान खाली पडली, रत्नमालाताई तिच्या तोंडाजवळ बोट धरून श्वास पाहत होती. जीप अश्वजित चालवत होता, त्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. अकराले पाच कमी असताना दवाखान्याच्या दारात पोचलो. जीप तशीच नागपूरले गेली.

दोन घंट्यानं आईच्या तोंडावर रंग आला. मी खाटेजवळ स्टुलावर बसलो होतो. काका गावात राहिला, काकू राहिली, ते दोन म्हातारे राहिले, हेच डोक्यात फिरून राहिलं होतं. मी विचारलं, "बरं वाटते काय आई?"

तिनं मान माझ्याकडं वळवली. "परसराम सकाळी म्हणाला होता जीपमध्ये टाकू. मी ऐकून राहिली होती. तू माह्या नावानं नाही म्हणून मोकळा झाला. मले विचारलं कायले नाही?"

"मले वाटलं, तुले चालणार नाही."

"मले श्वास घेता येत नव्हता, कैलाश," आई म्हणाली.