ओल्या वाळूच्या अलीकडे

सकाळी दुकानाच्या फळ्या काढत होतो, तेव्हा वळणापलीकडून येसोच्या गाडीचा, ‘मिलिट्री’चा, आवाज आला. तो आवाज मी शंभर गाड्यांत ओळखतो. पण त्या दिवशी तो ओढल्यासारखा येत होता, गिअर घाईघाईने पडत होते. येसो इंजिनाला कधी घाई करत नसे. ते सुरू केलं की बिडी संपेपर्यंत नुसता बसून राहायचा आणि म्हणायचा, “तेका जाग येवंदे.” गाडी दुकानासमोर थांबली आणि तिच्यातून त्याचा मुलगा प्रसाद उतरला. “काका, बाबा गेले,” एवढंच म्हणाला. अंगणात काजूच्या बिया वाळत घालताना येसो जरा खाली बसला, तो उठलाच नाही... मी प्रसादशेजारी बसून त्यांच्या गावाकडे, कट्टा गावाच्या दिशेने निघालो, आणि वाटभर आमच्या दोघांत फक्त ते इंजिन बोलत होतं. आता काही आठवडे उलटलेत. येसोबद्दल लिहायचं तर त्या इंजिनाबद्दल लिहावं लागेल, आणि ते मी आजवर टाळत आलो आहे.

यशवंत हे त्याचं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. बाकी सगळ्यांना तो येसो. आम्ही कट्ट्याच्या हायस्कुलात एका बाकावर होतो. तो आतल्या गावातला, भातशेती आणि काजूच्या बागा असलेल्या घरातला, मी बंदरावरचा. मधल्या सुट्टीत त्याची तांदळाची भाकरी माझ्याकडे यायची आणि माझा सुका बांगडा त्याच्याकडे जायचा. या देवघेवीत आपण फसवले जातोय असं दोघांनाही वाटे, म्हणूनच ती टिकली असावी. दहावीनंतर तो सैन्यात ड्रायव्हर झाला आणि पेन्शनीवर परतला तो आयुष्यभर चालवली तसलीच एक गाडी लष्कराच्या लिलावातून घेऊनच. हिरवी, उंच, चारही चाकांना ताकद असलेली. अंगणात ती उभी राहिली तेव्हा येसोची बायको, आमच्या वहिनी, दारात येऊन म्हणाल्या, “लोका म्हशी घेतत, ह्यांनी हत्ती हाडल्यानी.” येसो हसून म्हणाला, “म्हशीक शिंगां असतत गो. हत्ती शांत असता.”

हत्ती शांत होता, पण पेट्रोल पिण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. चिऱ्याची एक खेप टाकून आलं की मिळकतीतला मोठा वाटा टाकीतच जायचा. शेवटी एका उन्हाळ्यात कसालच्या चढावर इंजिनाचा ब्लॉक तडकला. ऑइलात पाणी मिसळून त्याचा दुधाळ चहा झाला. कट्ट्याच्या लवू मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, “आता हेका दुसरा काळीज घालूक होया.”

त्या शोधात मी येसोसोबत बराच फिरलो. कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या बाजारात एका बसचं डिझेल इंजिन मिळत होतं. ताकदीला उत्तम, पण लांबीला इतकं की रेडिएटर बंपरच्याही पुढे न्यावा लागला असता. “गाडयेक सोंड फुटतली,” येसो म्हणाला. ट्रॅक्टरचं इंजिन आखूड होतं, पण त्याच्यावर ही गाडी बैलगाडीमागून चालली असती. जीपचं इंजिन त्याच्याच गिअरबॉक्सासकट मिळत होतं. स्वस्तात चाललं असतं, पण मग पुढच्या चाकांची ताकद गेली असती, आणि वाळूवर जाता न येणारी मिलिट्री येसोला नको होती. तो एक लांब स्क्रूड्रायव्हर बाळगायचा. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग डोळे उघडून विकणाऱ्याला अगदी आदराने नमस्कार करायचा. तो नमस्कार म्हणजे नकार, हे मला लवकरच कळायला लागलं.

अशाच एका फेरीनंतर लवू मिस्त्री म्हणाला, “होया तसा इंजिन ट्रॉलरात असता. ट्रकाचाच ता, पाण्यासाठी बदललेला. बंदरार विचारून बघा.” आणि माझ्याकडे न बघता पान्हे आवरू लागला.  तसलं इंजिन बंदरावर कुठे पडून आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं. ते माझ्या घरामागे, माडाच्या झापांखाली होतं.

ते माझ्या बोटीचं इंजिन. आदल्या हंगामात संध्याकाळी परतताना मी सुकाणूवर होतो, खलाशी पुढे जाळी आवरत होते, आणि माझा धाकटा भाऊ विलास माझ्या पाठीमागे काठावर बसला होता. मी मागे वळून पाहिलं तेव्हा जागा रिकामी होती. आम्ही बोट वळवली, अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्याला लागला... ज्या बोटीवरून माणूस गेला तिचं इंजिन आमच्या बंदरावर कोणी दुसऱ्या बोटीत चढवत नाही. इंजिन जवळजवळ नवं होतं, तरी कोणी पाहायलासुद्धा आलं नाही. मी समुद्र सोडला आणि दोऱ्या-जाळ्यांचं दुकान टाकलं. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखाने सोडला. ते अर्धंच खरं होतं.

येसोने इंजिन मागितलं नाही. तो आमच्या पडवीत येऊन बसायचा, बांगड्याचं तिखलं जेवायचा, आईशी पिकपाण्याचं बोलायचा आणि घरामागे न बघता निघून जायचा. शेवटी आईनेच विषय काढला.

“येसो, तुका इंजिन होया मा? थंय पडून गंजता ता. घेवन जा.”

“आये, तुमका बरा वाटतला तर...”

“माका बरा कसा वाटतला? पण विलासाच्या हातचा आसा ता. कायतरी काम करूंदे.” मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “एकच. ता परत पाण्यार नेव नको.”

“नेवचंय नाय, आये. चाक सुदीक भिजवचंय नाय.”

“आणि पावसात काय करतलस?” मी विचारलं. मला ते इंजिन जायला हवं होतं आणि नकोही होतं.

“पाऊस वरसून येता,” आई म्हणाली. “मी दर्याचा सांगतंय.”

बसवायला मिस्त्रीला बरेच दिवस लागले. समुद्राचं पाणी खेळवायची नळ्यांची जोडणी काढून रेडिएटर आला, जुन्या गिअरबॉक्साशी जुळायला जाड लोखंडी प्लेट कातून घेतली, वजन वाढलं म्हणून पुढच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवला. पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी येसोने मुद्दाम मला बोलावलं. इंजिन धडधडू लागलं आणि मी शेडबाहेर निघून गेलो. थोड्या वेळाने तो मागून आला. तेव्हा मी त्याला सांगितलं, जे आईलाही सांगितलं नव्हतं. विलासने मला हाक मारली असणार. बुडणारा माणूस हाक मारतोच. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो, आणि या इंजिनाच्या आवाजात मला ती ऐकू आली नाही.

येसोने हाताला लागलेलं ऑइल फडक्याला पुसलं. मग म्हणाला, “इतकी वर्सां गाडी चालवलंय मी. पाठीमागे बसलेल्याची हाक ड्रायव्हराक आयकाक येणाच नाय रे. कोणाकच नाय. म्हणान आमका शिकवलेला, हाक मारूची नाय, केबिनीर थाप मारूची.” एवढंच. ‘तुझा दोष नाही’ असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

पहिल्या खेपेला मी पुढे बसायला तयार होईना, म्हणून मागे बर्फाच्या पेट्यांवर बसलो. गाव संपल्यावर मला काय झालं कोण जाणे, मी केबिनवर जोरात थाप मारली. गाडी तत्काळ थांबली. येसो खाली उतरून मागे आला.

“काय झाला?”

“काय नाय,” मी म्हटलं. “बघलंय.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. “बघ मगे. होयी तेवड्यांदा बघ,” म्हणाला आणि पुन्हा जाऊन बसला. त्या वाटेवर मी आणखी तीनदा तरी थाप मारली असेन. तो दर वेळी थांबला, दर वेळी उतरून मागे आला.

त्यानंतरच्या दहाएक वर्षांत मिलिट्रीने चिरे वाहिले, आंबे वाहिले, मासळी वाहिली आणि पावसाळ्याआधी बंदरावरच्या बोटी वर ओढल्या. पण ओल्या वाळूच्या रेघेपुढे ती कधी गेली नाही. येसो सुक्या वाळूवर थांबायचा आणि लांबच लांब दोरी सोडायचा. ‘चाक सुदीक’ हा शब्द त्याने इतका मनावर घेतला, की नदीलाही तोच नियम लावला. कॉजवेवर वीतभर पाणी आलं की एसटी पाण्यातून पार व्हायची, रिक्षासुद्धा जायची आणि मिलिट्री अलीकडे उभी राहायची. एकदा आंब्याच्या पेट्या भरलेल्या असताना अवकाळी पावसाने आम्ही असे अडकलो. पलीकडून कोणीतरी ओरडला, “गाडी लष्कराची आणि ड्रायव्हर बालवाडीचो!” दोन्ही काठ हसले. येसोने हात वर करून त्याला सलाम ठोकला. शेजारी बसलेला मीसुद्धा हसलो. मी दार उघडून एक वाक्य बोललो असतो तर ते हसणं थांबलं असतं. पण मग विलासचं सगळंच बोलावं लागलं असतं... मी बोललो नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ‘पाण्याक भियाणारो फौजी’ हे नाव त्याला चिकटलं, ते त्याने माझ्यासाठी वागवलं.

आई गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी त्याला म्हटलं, “येसो, आता पुरे. आये नाय आता.”

“म्हणानच तर,” तो म्हणाला. “जिका शब्द दिलंय ती नाय. आता माका सोडवतलो कोण?”

दरवर्षी मे संपता संपता तो दुकानात यायचा. बोटी ओढायची दोरी माझ्याकडूनच न्यायचा आणि दरवर्षी म्हणायचा, “औंदा एक वाव जास्त काढ.” दोन्ही हात पसरले की एक वाव. मी हात पसरून मोजायचो, तो दुसरं टोक धरायचा. “दर्यो काय रोज पुढे येता?” मी चिडवायचो. “येता तर,” तो म्हणायचा, “तुका दुकानातसून दिसणा नाय.”

परवा प्रसाद आला. बोटी ओढायचे दिवस आलेत. दोरीचं वेटोळं बघून म्हणाला, “काका, इतकी लांब कित्याक? गाडयेच्या पुढच्या चाकांकय ताकद आसा. पाण्याच्या कडेक नेली तर अर्धी दोरी पुरे. बाबा उगाच भियायचे.”

मी त्याला बसवलं आणि सांगितलं. विलासपासून सांगितलं. माझ्या न ऐकलेल्या हाकेचं, पडवीतल्या शब्दाचं, कॉजवेवरच्या हसण्याचं. ऐकताना तो दोरीच्या टोकाचे पीळ उलगडत होता.  माझं संपल्यावर उठून उभा राहिला आणि ते टोक हातात घट्ट धरलं.

“एक वाव जास्तच काढा, काका.”

मी हात पसरले. मोजून झाल्यावर त्याने वेटोळं खांद्यावर घेतलं, सीटमागे ठेवलं आणि इंजिन सुरू केलं. मी दारात थांबलो होतो. गाडी हलली नाही. प्रसाद दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, त्याला जाग येईपर्यंत, बसून राहिला.