भोईरकाकांची चाकं

चाक काढायचं म्हटलं की भोईरकाका आधी पंखा बंद करायला लावायचे. वाशीतल्या आमच्या ऑफिसात एसी फक्त साहेबांच्या केबिनला. बाहेर सगळ्यांच्या वाट्याला एकच पंखा, आणि भर मे महिन्यात तोही बंद! काका टाक शाईत बुडवायचे, कागदाच्या वर हवेतच एकदोन फेऱ्या मारायचे, श्वास रोखायचे आणि एका दमात अख्खं चाक काढून मोकळे व्हायचे. कंपास नाही, बांगडी नाही, वाटी नाही. "झाला. लावा पंखा," म्हणायचे. तोवर आम्ही घामाने निथळलेले असायचो. सायकलला दोन चाकं असतात, हा त्या वेळी आमच्यावर अन्याय वाटायचा.

आमचं ऑफिस लहान मुलांच्या पुस्तकांचं. मी पानं लावते, म्हणजे काकांची चित्रं आणि लेखकांचा मजकूर कंप्युटरवर एकत्र बसवते. काका घणसोली गावठाणातले. भावांनी जमिनीवर बिल्डिंगी उभ्या केल्या आणि यांनी कागदावर सायकली. भाडं यांच्याही घरात यायचं, त्यामुळे नोकरीची तशी गरज नव्हती. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "भाड्याचा पैसा गोड लागत नाय असा नाय हां बाय, जाम गोड लागतो. पन दिवसभर करायचा काय?"

दुसऱ्यांच्या पुस्तकातली सायकल त्यांना दाखवणं म्हणजे अर्धा तास गेलाच म्हणून समजायचं. एका चित्रात चेन पुढच्या चाकाला लावलेली होती. एकात मुलाचे दोन्ही पाय पेडलसकट एकदमच खाली गेलेले, जणू तो सायकल नाही, झोपाळा चालवतोय. आणि सीट हवेतच, तिला खालून दांडाच नाही! काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि खिन्न आवाजात म्हणायचे, "सायकल दिसते, पन पोरगी बसली की मोडंल." हे त्यांचं परवलीचं वाक्य. सायकल दिसायला कशीही असो, कागदावरची पोरगी बसल्यावर ती मोडता कामा नये. गंमत म्हणजे काकांना स्वतःला सायकल चालवता येत नव्हती. यावर चिडवलं की म्हणायचे, "चालवनारा पुढं बगतो. सायकल बगायला मानूस खाली उभा पायजे."

माझी आणि त्यांची पहिली जुंपली तीही सायकलवरूनच. एका पानावर मुलगी उजवीकडे चालली होती आणि मला ती डावीकडे जाणारी हवी होती. मी माऊस फिरवला, चित्र उलटं केलं, काम झालं. छापून आल्यावर काका पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी उभे. "बाय, ही चेन डाव्या बाजूला कशी आली?"

"चित्र फ्लिप केलं, काका. कोणाला कळतंय?"

"अशी सायकल कुठं मिलते ते सांग, मी इकत घेतो."

मी तोंडाळ आहे, ऐकून घेत नाही. चांगलं दहा मिनिटं भांडले. मग घरी जाताना रस्त्यात दिसेल ती सायकल वाकून वाकून बघितली. सगळ्या मेल्या उजव्या चेनच्या! दुसऱ्या दिवसापासून काकांची सायकल उलटी करायची माझी टाप नव्हती.

मग 'सुमी' आली. सायकल शिकणाऱ्या मुलीचं पुस्तक, पानापानावर सायकल. काकांनी पंखा बंद करवला, श्वास रोखला, आणि चाक वेडंवाकडं आलं. काका म्हणाले, "टेबल हालतोय." टेबलाखाली पुठ्ठा घातला. दुसरं चाकही तसंच. "खालून मार्केटचा ट्रक गेला." कोणालाच ट्रक ऐकू आला नव्हता, पण आम्ही माना डोलावल्या. मग दोष कागदाला लागला, शाईला लागला. शेवटी काकांनी उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला. तेव्हापासून त्या हाताकडे कोणी बघायचं नाही, अशी ऑफिसात न ठरवताच पद्धत पडली. प्रेसची तारीख डोक्यावर होती. पुस्तक तसंच गेलं.

आणि काय सांगू, त्या चाकांनी नाव काढलं! कुणी लिहिलं, या रेषेत बालपणाची निरागस थरथर आहे. कुणाला त्या चाकांत श्वास दिसला. साहेब तर हवेतच होते. पुस्तकाला बक्षीस मिळालं. स्टेजवर शाल खांद्यावर घेऊन काका माइकपुढे आले आणि म्हणाले, "माजी चाकं चुकलीत. तवा माजा हात बरा नवता." लोकांना तो विनय वाटला. काय टाळ्या पडल्या! काका बावरून इकडेतिकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो बंद पंखा येत होता. मला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर काकूंनी त्यांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात हात स्थिर. गोळी घेतली की काही तास झकास, मग पुन्हा थरथर. काका मला म्हणाले, "डाक्तर बोलला, गोलीचा जोर कायम असाच राहनार नाय. तवर सुमीचा दुसरा पुस्तक काढून घेतो. एकदा तिला धड सायकल दिली का मी सुटलो." चुकीच्या सायकलवर बक्षीस घेतल्याचा सल त्यांच्या मनातून जात नव्हता. रोज गोळीच्या त्या काही तासांत ते चाकं काढायचे. पंखा बंद, आम्ही घामाघूम, आणि या वेळी कोणाचीच कुरकुर नाही. सगळी चित्रं झाली तेव्हा ती टेबलावर मांडून काका लहान मुलासारखे हसले. चाकं अशी गोल, की वाटावं आत्ता टेबलावरून घरंगळतील.

साहेब केबिनमधून आले. एकेक चित्र उचलून बघितलं. चेहरा पडला. "काका, हे कंप्युटरवर केलंत का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, हाताने काढलंय त्यांनी! आम्ही सगळे शिजलोय इथे!"

"असेल गं. पण फील गेला. लोकांना ती थरथर हवी आहे, सुमीची ओळख आहे ती. मनीषा, तू फक्त चाकांना इफेक्ट लाव. बाकी सगळं उत्तम आहे." साहेब वाईट माणूस नाही. त्यांना ती वाकडी चाकं खरोखरच आवडली होती, तिथेच तर सगळं अडलं. मी खूप बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की थरथर नसेल तर पुस्तक नाही.

काका एवढंच म्हणाले, "मंग माजा नाव नको टाकू. खोटा थरथरलेला हात माजा नाय." आणि खिडकीशी जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या नावाशिवाय आमचं एकही पुस्तक निघालं नव्हतं.

मी चाकांना इफेक्ट लावायला बसले. कंप्युटरने एकसारख्या लाटा काढून दिल्या, परकराला झालर लावावी तशा. थोड्या वेळाने मागे कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं. काका चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडे बघत होते.

"असा नाय हलत हात," ते म्हणाले.

"मग कसा हलतो? मला काय माहीत, काका!" मी वैतागून बोलले आणि लगेच जीभ चावली.

काका मात्र स्टूल ओढून शेजारी बसले. "च्या येईपर्यंत गोली उतरंल. तवा बगून काढ."

चहा आला. काकांनी उजवा हात माझ्या टेबलावर, की-बोर्डच्या बाजूला ठेवला. आधी अंगठा हलायला लागला, मग बोटं, मग मनगट. सवयीप्रमाणे माझी नजर दुसरीकडे गेली.

"इकडं बग," काका म्हणाले. "लाजतेस काय? मॉडेल हाय मी."

मी बघितलं. डोळे भरून येत होते, ते पुसत बघितलं. हात सारखा हलत नव्हता. दोनतीन झटके बारीक यायचे, मग एक मोठा, मग क्षणभर काहीच नाही. तसं मी चाक वाकवलं. काका सांगत होते, "हितं जास्ती झाला. खाली येताना कमी कर. हितं मी दाबून धरतो ना, तितं रेघ जाड होते." लाटा सगळ्या पुसल्या. एकेक चाक त्या हाताकडे बघून नव्याने काढलं. काकांनी एकही चाक सहजासहजी पास केलं नाही. ऑफिस सुटलं तरी आम्ही दोघं तिथेच.

शेवटचं चाक झालं. काकांनी थरथरता हात उचलून स्क्रीनजवळ नेला. एकदा चाकाकडे, एकदा हाताकडे असं बराच वेळ बघितलं.

"हा माजा हात," ते म्हणाले. "आता घाल नाव."